तातडीच्या भरतीचे आकडे वाचताना

माँटाना हे अमेरिकेच्या वायव्येकडचे डोंगराळ, विरळ वस्तीचे राज्य. हेलेना ही त्याची राजधानी. आसपासचा भाग धरून तिची लोकसंख्या 2002 च्या सुमारास 68 हजारांच्या घरात होती आणि एवढ्या सगळ्यांना मिळून रुग्णालय एकच होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये हेलेनात सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या जागी धूम्रपानाला बंदी झाली. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती थांबली. बंदीच्या सहा महिन्यांत हृदयविकाराच्या झटक्याने भरती झालेले स्थानिक रुग्ण होते 24. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत याच महिन्यांची सरासरी होती 40. हा अभ्यास 2004 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला आणि सिगारेट बंद होताच झटके 40 टक्क्यांनी घटले, अशी चर्चा जगभर सुरू झाली.

या पुस्तकाची प्रस्तावना हेलेनापासून सुरू करण्याचे कारण असे की, रुग्णालयाच्या आकड्यांत अचानक दिसणारा बदल वाचताना माणूस किती ठिकाणी अडखळू शकतो, हे त्या एका उदाहरणात पुरेपूर दिसते. एकूण फरक 16 रुग्णांचा. संशोधकांनी त्यासोबत प्रामाणिकपणे एक मर्यादाही दिली होती: खरी घट 31.7 पासून 0.3 रुग्णांपर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे ती 32 ची असेल किंवा जवळजवळ नसेलही. त्या अभ्यासाला यापलीकडे काही सांगता येत नव्हते. पण एवढी लांबरुंद शक्यता मथळ्यात मावत नाही, 40 टक्के मावतात.

एकमेकींशी संबंध नसलेल्या विरळ घटना मोजत राहिलो, तर त्यांची संख्या कारणाशिवायही वरखाली होते. फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी 1837 साली या चढउताराचे गणित मांडले. त्यातून निघणारा ढोबळ नियम आजही कुठल्याही वॉर्डात बसून वापरता येतो. सरासरीचे वर्गमूळ काढायचे, त्याची दुप्पट करायची आणि तेवढे अंतर सरासरीच्या दोन्ही बाजूंना सोडायचे. 40 चे वर्गमूळ सुमारे 6.3. म्हणजे गावात काहीही वेगळे घडले नाही तरी आकडा साधारण 27 ते 53 यांच्या दरम्यान फिरणार. 24 हा त्या पट्ट्याच्या किंचित बाहेर पडतो, हे खरे. पण रुग्णालयातले प्रत्यक्ष आकडे या गणितापेक्षा जास्तच हलतात, कारण थंडीची लाट, फ्लूची साथ किंवा लागून आलेल्या सुट्ट्या सगळ्या गावावर एकदम परिणाम करतात. शिवाय अमेरिकेत त्या काळात अशी बंदी घालणारी गावे शेकडो होती. ज्या गावात आकडा घसरला तिथे अभ्यास होतो. जिथे तो वाढला तिथे मोजायला कोण जाणार?

हे नुसते तर्कट नव्हते. 2011 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी देशभरातली मोठी माहिती घेऊन तपासले, तेव्हा धूम्रपानबंदीनंतर झटक्यांच्या भरतीत ठोस घट त्यांना आढळली नाही. छोट्या छोट्या भागांची तुलना केली तर बंदीनंतर मोठी घट जितक्या वेळा दिसते, जवळजवळ तितक्याच वेळा मोठी वाढही दिसते, हे त्यांनी दाखवले.

म्हणून दुसऱ्याच्या धुराने हृदयाला काही होत नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र तेवढेच चुकीचे. स्कॉटलंडमध्ये 26 मार्च 2006 पासून बंदी आली. तिथल्या संशोधकांनी नऊ रुग्णालयांतले हृदयविकाराचे तीव्र रुग्ण कायद्याआधी आणि कायद्यानंतर दहा-दहा महिने मोजले. 3,235 चे 2,684 झाले, म्हणजे 17 टक्के घट. त्याच काळात कायदा नसलेल्या इंग्लंडमध्ये घट होती 4 टक्के, आणि स्कॉटलंडमध्ये आधीची दहा वर्षे दरवर्षी सरासरी 3 टक्के घट होतच होती. इथे नुसता आकडा नाही, शेजारचा देश आहे, जुना कल आहे. त्यांनी रुग्णांच्या रक्तात निकोटिनपासून तयार होणारे कोटिनिन तपासले आणि रुग्णांना स्वतःच्या सवयीही विचारल्या. घट सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कधीच न ओढणाऱ्यांत जास्त निघाली. दुसऱ्याचा धूर कमी झाल्याचा हा परिणाम असेल, तर नेमके असेच दिसायला हवे.

पुढच्या वर्षी, 1 जुलै 2007 रोजी, इंग्लंडमध्ये कायदा आला. तिथे साऱ्या देशाची तातडीची भरती उपलब्ध होती. जुना कल, ऋतू, तापमान, फ्लू, नाताळच्या सुट्ट्या हे सगळे बाजूला काढल्यावर उरलेली घट होती 2.4 टक्के. अनेक कचेऱ्या कायद्याआधीच धूरमुक्त झालेल्या असल्याने तिथे परिणामाला वाव कमी होता, हेही लक्षात घ्यायला हवे. हेलेनाचे 40, स्कॉटलंडचे 17 आणि इंग्लंडचे 2.4. मोजणी जसजशी मोठी आणि काटेकोर होत गेली, तसतसा परिणाम लहान होत गेला. पण त्या 2.4 टक्क्यांचा अर्थ पहिल्या एका वर्षात सुमारे 1,200 भरत्या कमी, असा होतो. बाराशे माणसांना झटका येऊन रुग्णालयात जावे लागले नाही. मला हेलेनाच्या चाळिसापेक्षा हे अडीच टक्के कितीतरी मोलाचे वाटतात, कारण ते उद्या कोणी तपासले तरी उभे राहण्याची शक्यता जास्त आहे. आपल्याला जो निर्णय योग्य वाटतो, त्याच्या बाजूचा पुरावा आपणच सर्वांत कठोरपणे तपासला पाहिजे. कच्चा पुरावा कोसळला की त्याच्यासोबत चांगला निर्णयही बदनाम होतो.

भारतात सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर देशव्यापी बंदी 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झाली. तिच्यानंतर आपल्याकडच्या हृदयविभागांत काय घडले, याची अशी मोजणी करायला लागणारी एकसारखी नोंद आपल्याकडे नव्हती. हे पुस्तक मराठीत येण्यामागचे एक कारण तिथे आहे.

आता मुळात हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. रजिस्टरमध्ये एक ओळ वाढते, तेव्हा आपण समजतो की एक आजार वाढला. प्रत्यक्षात त्या ओळीआधी बरेच काही घडून गेलेले असते. छातीत कळ आलेला माणूस ती पित्ताची समजून घरीच सोडा पितो, की मुलाला हाक मारतो? गाडी मिळते का? 108 ला फोन लागतो का? ग्रामीण रुग्णालय त्याला तिथेच ठेवून घेते, की चिठ्ठी देऊन सिव्हिलला पाठवते? सिव्हिलमध्ये कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना तो वॉर्डात न्यावासा वाटतो, की दोन तास पाहून घरी सोडावासा? पाठवलेला रुग्ण दोन ठिकाणी दोनदा मोजला जातो का? केसपेपरवर पहिल्या रात्री लिहिलेले निदान डिस्चार्जच्या दिवशी बदलते का, आणि बदलले तर रजिस्टरमध्ये कोणते राहते? यातल्या कुठल्याही पायरीवर बदल झाला की आकडा बदलतो. आजार तितकाच असतो.

2000 साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी झटक्याची व्याख्या बदलली. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाची चाचणी तिच्या केंद्रस्थानी आली. ही चाचणी इतकी संवेदनशील की आधी नुसती ‘अनस्टेबल अंजायना’ म्हणून नोंदवलेले अनेक रुग्ण आता झटक्याचे रुग्ण ठरू लागले. ज्या रुग्णालयाने चाचणी ज्या महिन्यात सुरू केली, त्या महिन्यापासून तिथले झटके वाढलेले दिसणार. त्यातले बरेच झटके तितके गंभीर नसल्याने मृत्यूचे प्रमाण मात्र घटलेले दिसणार. दोन्ही बातम्या छापता येतील आणि दोन्हींत आजाराचा किंवा उपचाराचा काहीही संबंध नसेल.

इंग्लंडमध्ये अपघात विभागात आलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाला चार तासांच्या आत तपासून घरी पाठवावे किंवा वॉर्डात न्यावे, असे उद्दिष्ट 2004 च्या अखेरीपर्यंत गाठायचे ठरले. हेतू चांगलाच होता, तासन्‌तास ट्रॉलीवर पडून राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे हाल थांबावेत. पण रुग्णांच्या थांबण्याच्या वेळांचा आलेख काढल्यावर चौथा तास संपण्याच्या अगदी आधीच्या मिनिटांत एक ठळक उंचवटा दिसू लागला. घड्याळ संपत आले की निर्णय होत होता, आणि तो अनेकदा वॉर्डात हलवण्याचा होता. पुढच्या चार वर्षांत तिथली तातडीची भरती सुमारे 12 टक्क्यांनी वाढली. नफिल्ड ट्रस्ट या संस्थेने 2010 साली तिची चिरफाड केली, तेव्हा लोकसंख्येच्या वार्धक्याने त्या वाढीचा निम्माही भाग उलगडेना. वाढले होते ते मुख्यतः एखाद्या दिवसाचे, थोडक्या मुक्कामाचे रुग्ण.

नोंदीतली चूक केवढी महाग पडू शकते, त्याचे उदाहरणही तिथलेच. 2015 च्या सुमारास शनिवार-रविवारी भरती झालेले रुग्ण जास्त दगावतात, या आकडेवारीवरून सरकार आणि कनिष्ठ डॉक्टर समोरासमोर आले. नोंदींप्रमाणे आकडे बरोबर होते. पण शनिवार-रविवारी मुळात कमी रुग्ण भरती होतात आणि जे होतात ते अधिक अत्यवस्थ असतात, हे त्या वादात मागे पडले. ऑक्सफर्डच्या ली आणि रॉथवेल यांनी पक्षाघाताच्या रुग्णांपुरते खोलात जाऊन एकेक कागद तपासला. पूर्वी कधीतरी पक्षाघात होऊन गेलेले आणि आता दुसऱ्याच कामासाठी ठरवून भरती झालेले लोक संगणकात ‘नवा पक्षाघात’ म्हणून चढले होते. ठरवून केलेली भरती होते सोमवार ते शुक्रवार. या धडधाकट लोकांमुळे आठवड्यातल्या दिवसांचे मृत्यूप्रमाण उगीचच कमी दिसत होते, आणि त्यामुळे शनिवार-रविवार भयंकर वाटत होते. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. बदल ज्या बाजूला दिसतो, खोट त्याच बाजूला असेल असे नाही.

कोविडच्या पहिल्या लाटेने याच विषयाची आणखी कठीण परीक्षा घेतली. इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या तीव्र रुग्णांची आठवड्याची भरती 2019 मध्ये सरासरी 3,017 होती, ती मार्च 2020 अखेर 1,813 वर आली. भारतात 187 रुग्णालयांच्या पाहणीत झटक्याची भरती आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे 35 टक्क्यांनी घटलेली निघाली. त्या दिवसांत काही जणांना वाटत होते की धावपळ थांबली, धूर थांबला, बाहेरचे खाणे थांबले, म्हणून हृदये निवांत झाली असावीत. हे ऐकायला छान होते. पण इटलीच्या लोम्बार्डी भागात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांची नोंद वेगळी ठेवली जाते. तिथे साथीच्या सुरुवातीच्या काळात असे 362 प्रसंग नोंदले गेले, आधीच्या वर्षी त्याच काळात होते 229. रुग्ण दारापर्यंत येत नव्हते, घरी कोसळत होते. दुसरी नोंद शेजारी ठेवली नसती, तर पहिली आपल्याला आनंदाची बातमी देत राहिली असती.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग प्रत्येक बदलाला काहीतरी निमित्त सापडतेच, तेव्हा कशावरच विश्वास नको. ही दुसरी चूक, आणि माझ्या मते अधिक घातक. डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर पाच दिवस दाट विषारी धुके बसले. रुग्णालयांत खाटा मिळवून देणाऱ्या ‘इमर्जन्सी बेड सर्व्हिस’कडे मागणीचा लोंढा आला. धुके विरल्यावरही पुढचे दोन-अडीच महिने मृत्यू नेहमीपेक्षा जास्त होत राहिले. सरकारी खात्याने ते फ्लूच्या खात्यावर टाकले आणि धुक्याच्या नावावर सुमारे 4,000 मृत्यू ठेवले. 2001 साली मिशेल बेल आणि डेव्ह्रा डेव्हिस यांनी जुनी कागदपत्रे पुन्हा काढून दाखवले की एवढा फ्लू त्या हिवाळ्यात नव्हता. त्यांच्या हिशेबाने फेब्रुवारीअखेरचे जास्तीचे मृत्यू 12,000 च्या आसपास जातात. फ्लू हे सोयीचे कारण होते. ते तपासायला कोणी अर्धशतक फिरकले नाही.

आपल्याकडचे यवतमाळ आठवा. 2017 च्या जुलैपासून कपाशीवर फवारणी करणारे शेतमजूर आणि शेतकरी दवाखान्यांत आणि वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येत होते. उलट्या, अंधुक दिसणे, भ्रम, श्वास लागणे. त्या वर्षी बोंडअळीचा जोर होता, कपाशी डोक्याएवढी उंच वाढली होती आणि फवारा अंगावर, तोंडावर येत होता. शेकडो जणांना भरती करावे लागले, विसांहून अधिक जण दगावले. विशेष तपास पथक नेमले जाईपर्यंत ऑक्टोबर उजाडला होता. कीटकनाशकाची विषबाधा या जिल्ह्याला दुर्दैवाने नवी नाही. आत्महत्येच्या प्रयत्नात औषध प्यालेला माणूस आणि पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणी करून कोसळलेला माणूस, दोघांचे निदान एकाच शब्दांत लिहिता येते: ओपी (ऑर्गॅनोफॉस्फेट) पॉयझनिंग. ओळखीच्या रकान्यात अनोळखी संकट येऊन बसले की ते दिसत नाही. रुग्ण काय करत असताना आजारी पडला, एवढा एक प्रश्न रजिस्टरने विचारला तर ते वेगळे होते.

मग खरा बदल ओळखायचा कसा? या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत देखणे उत्तर बार्सिलोना शहरातून आले. 1981 पासून तिथल्या अपघात विभागांत काही विवक्षित दिवशी दम्याचे रुग्ण अक्षरशः लोटत. काही तासांत डझनावारी माणसे गुदमरत येत, त्यांतली काही दगावत, आणि दुसऱ्या दिवशी सगळे शांत. असे 26 उद्रेक नोंदले गेले. पहिला संशय साहजिकच शहराच्या प्रदूषणावर गेला, पण प्रदूषण या दिवसांपुरते वाढलेले सापडेना. होसेप आन्तो, जोर्डी सुन्येर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग रुग्ण कुठे आणि किती वाजता आजारी पडले ते मांडून पाहिले. ते बंदराच्या आसपासच्या भागात एकवटलेले निघाले. मग बंदरात त्या त्या दिवशी कोणता माल उतरला, याच्या नोंदी मागवल्या. 1985 आणि 1986 मध्ये दम्याचे 13 उद्रेक झाले होते. त्या तेराही दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जात होते. बाकीच्या 25 मालांपैकी फक्त गव्हाचा थोडा संबंध दिसला, तोही सोयाबीनचा हिशेब धरल्यावर टिकला नाही.

इथे थांबले असते तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. ते थांबले नाहीत. सोयाबीन तर इतरही अनेक दिवशी उतरत होते, मग उद्रेक तेव्हा का नाही? उद्रेकाच्या प्रत्येक दिवशी हवेचा दाब जास्त होता आणि दक्षिणेकडून मंद वारा बंदराकडून शहराकडे वाहत होता. बंदरातल्या एका सायलोच्या माथ्यावर धूळ अडवणारे फिल्टरच नव्हते. आणि रक्ताच्या चाचणीत, उद्रेकात सापडलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत सोयाबीनविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. एरवीच्या दमेकऱ्यांत हे प्रमाण विसात एक इतकेही नव्हते. शेवटी फिल्टर बसवले आणि उद्रेक थांबले. हे संशोधन 1989 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. त्यातली संख्याशास्त्रीय आकडेमोड फार अवघड नाही. अवघड होते ते दम्याच्या वॉर्डातून उठून बंदराच्या कचेरीत जाणे आणि जहाजांची नोंदवही मागणे.

हेलेना आणि बार्सिलोना यांतला फरक मी या पुस्तकाचा गाभा मानतो. दोन्हीकडे एकाच प्रकारची कच्ची माहिती होती. हेलेनात एक आकडा आणि एक कायदा यांची गाठ घातली गेली. बार्सिलोनात जे कारण सुचले त्याने आणखी काय काय घडायला हवे, असा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: जागा जुळते का, वेळ जुळते का, वारा जुळतो का, रक्त जुळते का, कारण काढून घेतल्यावर आजार जातो का? प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळण्याची जोखीम होती.

असाच शोध अहमदाबादेतही घेतला गेला. तिथे 2010 च्या मे महिन्यात पारा 46.8 अंशांवर गेला. शारदाबेन रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागात उष्णतेने आजारी पडलेली बाळे जास्त येऊ लागली. त्यांचा प्रसूती वॉर्ड कोणत्या मजल्यावर आहे, हे पाहिले गेले: सर्वांत वरच्या. तो खालच्या मजल्यावर आणल्यानंतर उष्णतेने होणारी भरती घटली. पुस्तकातले हे सर्वांत छोटे प्रकरण आहे. त्यात एकही गुंतागुंतीचे सूत्र नाही.

पुण्याचे उदाहरण ताजे आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे वर्तमानपत्रांतले ‘जीबीएस’, हा मज्जातंतूंचा विरळ आजार. जगभरचा अनुभव असा की लाखामागे वर्षाला एखाद-दोन रुग्ण. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साठ लाखांहून जास्त वस्ती धरली तर वर्षाला 60 ते 120, म्हणजे आठवड्याला एक-दोन, तेही अनेक रुग्णालयांत विखुरलेले. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड या पट्ट्यातून एकामागोमाग रुग्ण येऊ लागले, तेव्हा वर्गमूळ काढण्याची गरजच नव्हती. मेंदूविकारतज्ज्ञांना ते जाणवले आणि त्यांनी कळवले. राज्याने शीघ्र प्रतिसाद पथक नेमले, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने नमुने तपासले, त्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले आणि लक्ष पाण्याकडे वळले. 2021 साली महापालिकेत आलेल्या गावांचे पाणी, त्यांच्या विहिरी, हा प्रश्न एका रात्रीत ऐरणीवर आला. रुग्णांची एकूण संख्या पुढे दोनशेच्या वर गेली.

त्या दिवसांत रोज सायंकाळी आकडा जाहीर होई आणि रोज लोक घाबरत. पण हा आकडा कशाचा होता? पोट बिघडल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी हातपाय लुळे पडू लागतात. म्हणजे आजची भरती काही आठवड्यांपूर्वीच्या पाण्याची गोष्ट सांगते. क्लोरिन आज वाढवले तरी रुग्ण उद्या थांबत नाहीत, आणि तसे ते थांबले नाहीत म्हणून क्लोरिन निरुपयोगी ठरत नाही. त्यात साथ जाहीर झाली की प्रत्येक रुग्णालय आपले जुने रुग्णही शोधून कळवते, संशयित आणि निश्चित असे दोन ढीग होतात, आणि जाहीर झालेल्या तारखेचा आलेख आजार सुरू झालेल्या तारखेच्या आलेखापेक्षा फार वेगळा, फार उभा दिसतो. लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेने रुग्ण मांडले तरच साथ चढते आहे की उतरते आहे हे कळते. वर्तमानपत्रांनी तो आलेख मागायला हवा. यासाठी पत्रकारांना या पुस्तकात स्वतंत्र भाग दिला आहे.

काही वेळा विचार करायला सवडच नसते. 21 नोव्हेंबर 2016 च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आले आणि पुढच्या तीस तासांत श्वसनाच्या तक्रारींचे नेहमीपेक्षा सुमारे 3,365 जास्त रुग्ण तिथल्या अपघात विभागांत आले. दहा जण दगावले. राय गवताचे परागकण वादळी हवेत फुटून इतके बारीक झाले होते की ते थेट फुप्फुसात उतरले. अनेकांना आयुष्यात कधी दमा नव्हता, फक्त शिंका आणि डोळे खाजणे होते. त्या रात्रीच्या रुग्णांत भारतीय आणि आग्नेय आशियाई वंशाचे लोक त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त होते. मेलबर्नमध्ये मुलेबाळे असलेल्या मराठी घरांनी हे माहीत करून घ्यावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला गवताचा मोसम असतो.

राहिला प्रश्न आपल्या रजिस्टरांचा. देशात निम्म्याहून अधिक रुग्ण खासगी रुग्णालयांत भरती होतात. 2004 साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात माहिती गोळा होते, पण खासगी रुग्णालयांकडून ती अपुरी येते. नवे सॉफ्टवेअर येईल, त्यात नवे रकाने येतील. मला त्याआधी तीन गोष्टी हव्याशा वाटतात आणि त्या आजच्या कागदी रजिस्टरमध्येही बसतात. पत्त्यात नुसते तालुक्याचे गाव नको, वाडी किंवा सोसायटी हवी. लक्षणे कधी सुरू झाली, ती तारीख हवी. आणि त्या वेळी रुग्ण काय काम करत होता, ते चार शब्दांत हवे. रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा नोंदणी कारकुनाला यासाठी मिनिटभर जास्त लागेल, आणि ते मिनिट त्यांना मिळावे अशी माणसांची सोय प्रशासनाने करावी. आधीच तीन जणांचे काम एकाकडे असताना नवे रकाने लादले, तर ते ‘निरंक’ लिहून भरले जातील.

आणखी एक विनंती कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे. एका आठवड्यात एकाच वाडीतून, एकाच कारखान्यातून किंवा एकाच वसतिगृहातून सारखी लक्षणे घेऊन तीन-चार जण आले, तर हा योगायोग आहे का, याचा निकाल स्वतः लावत बसू नका. जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला फोन करा. बहुतेक वेळा तो योगायोगच निघेल, आणि तसा तो निघाला म्हणून फोन करणाऱ्याला कोणी बोल लावू नये. ताडून पाहणे हे पुढच्या माणसाचे काम आहे आणि ते कसे करावे, हे पहिल्या प्रकरणापासून सविस्तर दिले आहे.